कान दोन, पिना चार

एक सोपा प्रश्न. तुमच्या टेबलावर आत्ता आवाज करू शकणाऱ्या वस्तू किती आहेत, मोजा बरं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसने दिलेला फोन, स्वतःचा फोन. हौशी मंडळींकडे वर एक टॅब. आणि हेडफोन? एकच! डोकंही एकच असल्यामुळे त्याला इलाज नाही. मग दिवसभर जो खेळ चालतो तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मीटिंग ऐन रंगात आलेली असताना घरचा फोन थरथरतो. आपण एक कान मोकळा करून तो घेतो. तेवढ्यात लॅपटॉपमधून कुणीतरी आपलंच नाव पुकारतं आणि आपण दोन्हीकडे एकदमच ‘हां हां, ऐकतोय’ म्हणतो. ऐकलेलं कुणाचंच नसतं, बॉस!

तर आजचा विषय हाच. तीन-चार ठिकाणचे आवाज एका हेडफोनमध्ये एकाच वेळी कसे आणायचे? ‘एकाच वेळी’ या शब्दांखाली पेनाने रेघ मारा, कारण सगळी गोम तिथंच आहे.

दुकानात गेलात की सेल्समन छातीठोकपणे सांगतो, ‘सर, यात मल्टिपॉइंट आहे, दोन डिव्हाइस एकदम कनेक्ट होतात.’ खोटं बोलत नाही तो. होतात की कनेक्ट! पण ऐकू येतं एका वेळी एकाचंच. लॅपटॉपवर गाणं चालू असताना फोन आला की हेडफोन गाणं थांबवतो, फोन जोडून देतो, फोन ठेवला की परत गाणं. थोडक्यात, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरबाई. समोर ढीगभर लाइनी, कानाला एक हेडसेट, पण कॉर्ड ज्या भोकात घालतील तेवढीच लाइन बोलणार. आपल्याला हवा असतो लग्नाच्या मांडवातला साउंडवाला. त्याच्या मिक्सरवर भटजींचा माइक, सनईची कॅसेट (आता पेन ड्राइव्ह), ‘मंडळींनी जेवून घ्यावे’ म्हणणारे मामा, सगळं एकदम येत असतं आणि कुणाला किती वर ठेवायचं ते तो बोटाने ठरवतो. बाई जोडून देतात, साउंडवाला मिसळून देतो. हेडफोनच्या डब्यावर हा फरक सांगितलेला मी तरी पाहिला नाही.

आणि गंमत बघा. ब्लूटूथचं काम सुरू झालं १९९४मध्ये, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत. नाव दिलं हॅरल्ड ब्लूटूथ या दहाव्या शतकातल्या डॅनिश राजाचं, कारण काय, तर त्याने आपसात फुटलेल्या लोकांना एकत्र आणलं. राजाने माणसं एकत्र आणली, त्याच्या नावाच्या हेडफोनला दोन फोन एकत्र आणता येईनात! शिवाय गाणी ऐकण्याची त्याची रीत वेगळी आणि बोलण्याची वेगळी. माइक चालू झाला की तो बोलण्याच्या रीतीवर उतरतो आणि मगाचं झक्कास गाणं एकदम पीसीओच्या रिसीव्हरमधून आल्यासारखं वाटायला लागतं. २०२०मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ने यात सुधारणा केली आहे. त्यातलंच ‘ऑराकास्ट’ म्हणाल, तर ते बरोब्बर उलटं, एक आवाज आणि शेकडो कान. आपला प्रॉब्लेम शेकडो आवाज आणि दोन कान हा आहे. काही गेमिंग हेडसेट मात्र खरंच मिसळतात. त्यांच्या यूएसबी डाँगलवरून येणारा गेमचा आवाज आणि ब्लूटूथवरून येणारा फोन, दोन्ही एकाच वेळी. दोनच सोर्स असतील तर तो सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे, खुशाल घ्या.

माझे सोर्स तीन आहेत, आणि तिसरा म्हणजे आमचे अण्णा.

मी नोकरीला पुण्यात, पण काम धाराशिवच्या घरून करतो. (२०२३मध्ये नाव बदललं, तरी आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पार्सलांवर अजून उस्मानाबाद असतं. दोन्ही पोचतात.) अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालतात काठी घेऊन, पण उजवा हात काम देत नाही आणि आवाज पार बारीक झालाय. घर जुनं. माझं टेबल पुढच्या खोलीत, कारण वायफाय तिथंच धड येतं, आणि अण्णांची खोली चौकाच्या पलीकडे मागे. सकाळी आई भाजीला आणि देवळात जाते, नेमकी त्याच वेळी आमची रोजची मीटिंग. म्हणजे त्या तासाभरात अण्णा आणि मी, मध्ये चौक, आणि माझ्या कानात बाहेरचा सगळा आवाज गिळणारा महागडा हेडफोन. ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले, तीच घातक!

आमच्या जिल्ह्यातलं तेर गाव तुम्हाला माहीत असेल, गोरोबाकाकांचं. कुंभारमाती तुडवताना विठ्ठलनामात इतके गुंगले की पायाखाली आलेलं रांगतं मूल त्यांना कळलं नाही, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. कीर्तनकार ती भक्तीची म्हणून सांगतात आणि ती तशीच आहे. पण घरात सांभाळायचं माणूस ठेवून कानावर हेडफोन चढवणाऱ्याला त्यातला मुलाचा रडका आवाजच आधी आठवतो. विठ्ठलात गुंगले त्यांचं मूल पुढे पंढरपुरात परत मिळालं. मी गुंगलेला असतो एक्सेल शीटमध्ये.

तुम्ही म्हणाल, घंटी लाव ना. लावली होती की, वायरलेसवाली. पण पडलेला माणूस बटण दाबत नाही. एक कान उघडा ठेव? ठेवून पाहिला. अण्णांचा आवाज चौक ओलांडून येईपर्यंत त्यात राम उरत नाही, आणि समोरच्या रस्त्यावरचे टमटमचे हॉर्न मात्र व्यवस्थित येतात. मग ड्रॉवरमधले दोन जुने फोन काढले. घराघरात असतात तसले, काच तडकलेली, बॅटरी अर्धमेली. दोन्ही कायमचे चार्जरवर. एक अण्णांच्या उशाशी, दुसरा माझ्या टेबलावर, दोघांमध्ये सकाळी एक व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. माझ्याकडचा म्यूट, म्हणजे आमच्या मॅनेजरचं व्याख्यान अण्णांना ऐकावं लागत नाही. पहिल्या दिवशीच अण्णांनी विचारलं, ‘म्हणजे मी काय बी बोललो तर तुला ऐकू यायलंय का?’ खोकला, काठीची टकटक, सगळं येतं म्हणालो. खूश दिसले नाहीत. माणसाला आपल्या खोलीत कुणी कान लावून बसलेलं आवडत नाही, वय कितीही असो. म्हणून मग ठरलं की आई घराबाहेर असतानाच हा कॉल चालू, ती आली की बंद. हा करार कुठल्याही वायरीच्या आधीचा आहे, हे आवर्जून सांगतो.

आता तीन आवाज झाले. लॅपटॉप, माझा फोन आणि अण्णांची खोली. सोपा उपाय असा की अण्णांचा कॉलही लॅपटॉपवरच घ्यायचा. लॅपटॉपच्या आत मिसळण्याची सोय जन्मजात असते. विंडोजमध्ये तर व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मे २०२०च्या अपडेटनंतर फोनमधलं गाणं ब्लूटूथने विंडोज लॅपटॉपवर आणून त्याच्या हेडफोनमध्ये ऐकण्याचीही सोय झाली. एक छोटं ॲप टाकावं लागतं. मॅकवाल्यांना २०२१च्या मॉन्टेरेपासून आयफोनचा आवाज एअरप्लेने घेता येतो. स्वतःचा लॅपटॉप असेल तर लेख इथंच मिटवा आणि कामाला लागा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र काहीही टाकायला बंदी. आयटीवाल्यांना विचारलं तर एक तिकीट उघडतात आणि आपल्याला म्हातारपण येईपर्यंत बंद करत नाहीत. ते चुकीचे आहेत असंही नाही. घरातला चोवीस तास चालू माइक कंपनीच्या मशीनवर कशाला?

म्हणून मिसळायचं काम लॅपटॉपच्या बाहेर करायचं. इथे एक मोह होतो, त्यापासून जपा. एका पिनेच्या दोन करणारी वाय केबल मिळते ना, एका फोनवर दोघांनी सिनेमा बघायची? ती उलटी लावली की दोन सोर्स एका हेडफोनला जोडता येतील असं वाटतं. जोडता येतात, आणि आवाजही येतो, म्हणून तर फसायला होतं. पण तसं केलं की एका यंत्राचा आवाज हेडफोनकडे जायच्या आधी दुसऱ्या यंत्राच्या पोटात घुसायला बघतो. दोघं एकमेकांना ढकलतात. आवाज पडतो, फाटतो, आणि एखादं सर्किट कायमचं बसूही शकतं. प्रत्येक वायरीत रेझिस्टर टाकले तर ही ढकलाढकल थांबते, पण मग हेडफोनपर्यंत इतका कमी आवाज पोचतो की पुढे एक छोटा ॲम्प्लिफायर लागतो. रेझिस्टर अधिक ॲम्प्लिफायर अधिक डबा, झाला की मिक्सर! मग तो विकतच का नाही घ्यायचा?

आमच्या गल्लीत लग्नाचं साउंड लावणारे एक मामा आहेत. त्यांना ‘हेडफोनसाठी मिक्सर पाहिजे’ म्हटल्यावर आधी ते हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच यूट्यूबवाल्याने इतकं नीट सांगितलं नव्हतं. चार चॅनेलचा लहानात लहान मिक्सर घे, हेडफोनचं भोक असलेला. फोनचा आवाज पाऊण ठेव, पूर्ण नको, नाहीतर तिथंच फाटतो. प्रत्येक चॅनेलला पॅनचं बटण बघून घे, डाव्या-उजव्या कानात आवाज सरकवायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘ज्याचं ऐकायचंय त्याचा आवाज वाढवायचा नाय. बाकीच्यांचा उतरवायचा.’

जोडणी तशी पंधरा मिनिटांची. लॅपटॉपची पिन, माझ्या फोनची पिन, अण्णांच्या फोनची पिन, तिन्ही मिक्सरमध्ये. मिक्सरमधून चौथी पिन हेडफोनला. ज्या फोनला गोल भोकच नाही (आयफोनने ते २०१६मध्ये काढलं, मग बाकीच्यांनाही सुचलं) त्याला टाइप-सी किंवा लायटनिंगचं छोटं शेपूट लावायचं. हेडफोन साधा, वायरवाला, माइक नसला तरी चालतो. बोलण्यासाठी लॅपटॉपचाच माइक किंवा एखादा यूएसबी माइक. यात मोठा फायदा असा की मिक्सरमधला आवाज फक्त माझ्या कानात जातो. अण्णांचा खोकला मीटिंगला ऐकू जात नाही आणि आमचं टार्गेट अण्णांना.

चालू केल्यावर पहिला आवाज आला तो मात्र तिघांपैकी कुणाचाच नव्हता. घूंऽऽऽ. चार्जर काढला की बंद, लावला की परत घूं. हा विजेचा आवाज. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी गळती वायरीत उतरते, आणि दोन-तीन उपकरणं ऑडिओ केबलने एकमेकांना बांधली की तिला फिरायला रस्ता मिळतो. जुन्या घरांमधून थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक कित्येकदा नुसतं शोभेला असतं, मागे अर्थिंगची वायरच नसते. त्यामुळे पहिला इलाज वायरमन. तो आवाजासाठी नसला तरी जिवासाठी करायचाच. दुसरा इलाज ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची बोटभर डबी. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, गाणं पलीकडे जाऊ देतात आणि वीज अडवतात. मोटारीचे स्टीरिओ बसवणाऱ्यांकडे विचारा, त्यांचं रोजचं दुखणं आहे हे.

आता वायरी झाल्या, घूं गेलं, तिघेही कानात आले. संपलं का? नाही ना! कानात येणं आणि ऐकू येणं यात अख्खी गंगा वाहते.

१९५३मध्ये कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने अगदी आपलाच प्रयोग केला होता. एक हेडफोन, दोन सोर्स. डाव्या कानात एक माणूस बोलतोय, उजव्यात दुसरंच काही, आणि ऐकणाऱ्याने एका कानातलं बोलणं तसंच्या तसं मागोमाग म्हणायचं. लोकांना ते जमलं. मग विचारलं, दुसऱ्या कानात काय चाललं होतं? काही सांगता येईना. मध्येच इंग्रजी सोडून जर्मन सुरू केलं, तेही कळलं नाही. पण पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला किंवा नुसता एखादा सूर वाजला, तर ते मात्र पटकन कळलं. पुढे १९५९मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव टाकून पाहिलं. तिघांपैकी साधारण एकाच्याच लक्षात आलं! आपण समजतो की आपल्या नावाला आपण गाढ झोपेतही ओ देऊ. कामात गुंतलेल्या तिघांतले दोघे देत नाहीत.

हे वाचल्यावर माझी सगळी जोडणी मी नव्याने लावली. अण्णांनी बारीक आवाजात मला हाक मारावी आणि मी ती मीटिंगच्या बडबडीतून वेचावी, यावर घर चालवायचं नाही. शब्द निसटतात, वेगळ्या जातीचा आवाज निसटत नाही. म्हणून अण्णांचा चॅनेल पूर्ण डाव्या कानात, लॅपटॉप उजवीकडे, माझा फोन मधोमध. आणि अण्णांच्या उशाशी पितळी पेला आणि चमचा, डाव्या हाताला सापडेल असा. टण! मीटिंगमध्ये पितळी पेल्यासारखं कुणी बोलत नाही. धप्प असा पडल्याचा आवाजही याच जातीचा, तोही निसटू नये. तो मी जमिनीवर उशी टाकून, आईला मीटिंगच्या वेळीच टाकायला लावून, दोनदा तपासून घेतलाय. दोन्ही वेळा कळला. आई म्हणाली, आता गादी टाकायला सांगू नकोस म्हणजे झालं.

आवाज किती ठेवायचा याचंही एक गणित आहे आणि ते तीन सोर्सवाल्यांनी तरी डोक्यात ठेवलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. आणि सारख्याच ताकदीचे दोन वेगळे आवाज मिसळले की बेरीज बरोब्बर ३ डेसिबलने वाढते. म्हणजे ८०च्या मीटिंगवर ८०चं गाणं चढवलंत तर ४० तासांचे २० झाले. आपल्या ऑफिसचा आठवडा किती तासांचा, ते मी सांगायला नको. मांडववाल्या मामांनी हे आकडे पाहिलेले नसणार, पण त्यांचं ‘बाकीच्यांचा उतरवायचा’ हे याच गणिताचं उत्तर आहे. माझ्या मिक्सरवर मीटिंगचा खटका आता निम्म्याच्याही खाली असतो. मॅनेजरला ते माहीत नाही, आणि त्यांचं काही बिघडलेलंही नाही.

हे सगळं आजच सुचलंय असंही समजू नका. सोनीचा पहिला वॉकमन आला जुलै १९७९मध्ये. त्याला हेडफोनची भोकं दोन होती, दोघांनी मिळून ऐकायला, आणि वर एक नारिंगी बटण होतं, ‘हॉटलाइन’ नावाचं. ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि छोट्या माइकमधून समोरच्याचं बोलणं हेडफोनमध्ये यायचं. सोनीच्या अकिओ मोरिता यांना म्हणे काळजी होती, की माणसाने एकट्यानेच कान झाकून बसणं हा उद्धटपणा दिसेल. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं. आजच्या हेडफोनमध्ये ‘ट्रान्सपरन्सी’ नावाने तेच परत आलंय. पण ते शेजारी उभ्या असलेल्या माणसासाठी. चौकापलीकडच्यासाठी अजून पिनाच लागतात.

लाइट जाण्याचं तेवढं राहिलं. राउटर आणि मिक्सर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डावा कान गुपचूप बंद पडतो, आणि शांततेत आपल्याला वाटतं की सगळं ठीक आहे. मी फोनवर दर अर्ध्या तासाचा अलार्म लावून ठेवलाय. वाजला की डाव्या कानात खोलीतल्या पंख्याची घरघर येतेय का ते बघायचं. ती येत नसेल तर उठून चौक ओलांडायचा.

पेल्याची भाषा अण्णांनी स्वतः ठरवली. एक टण म्हणजे सवडीने ये, तीन म्हणजे हातातलं टाकून ये. परवा क्वार्टरचे आकडे चालू असताना तीन टण आले. माइक म्यूट, हेडफोन मानेवर, चौकातून पळत गेलो. अण्णा पलंगावर निवांत बसलेले, हातात रिकामा पेला. ‘आईला उशीर व्हायलाय. चहा टाक दोन कप,’ म्हणाले, ‘आणि त्या लोकांना सांग, धा मिन्टं थांबा म्हणावं.’